दुधाच्या दातावरची गाठ आणि दोन बाटल्यांची चौकशी

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मुख व जबडा शस्त्रक्रिया विभाग,
सार्वजनिक रुग्णालय, जुनी इमारत, पहिला मजला
(दारावर पाटी नाही. जिना चढून उजवीकडे, शिपाई जिथे "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असे सांगतो, ती खोली.)

अर्जदार: धुलाई केंद्राचा चालक, रुग्ण भुंगा हिच्या आईचा बाप

विषय: माझी नात भुंगा हिच्या जबड्यातून काढलेल्या गाठीचा नमुना दुसऱ्या मुलाच्या नमुन्याशी बदलला गेल्याचा संशय व त्याची चौकशी होणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या प्रयोगशाळेचा अहवाल, शेरा "साधी गाठ, कर्करोग नाही".
२) माझी तोंडी तक्रार, खिडकी क्रमांक चार. उत्तर मिळाले: "लेखी द्या."

महोदय,

खिडकीच्या सांगण्यावरून लेखी देत आहे. शांतपणे व शेवटपर्यंत वाचावे, अर्ध्यावर शेरा मारू नये, ही सुरुवातीलाच विनंती.

१. रुग्णाचे कागदोपत्री नाव केसपेपरवर आहे. त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनसुद्धा पाहत नाही, म्हणून या अर्जात तिला भुंगा असेच म्हटले आहे. वय साडेचार. तोंड मिटून सतत गुणगुणते म्हणून हे नाव पडले. जेवताना, अंघोळीला, माझ्या दुकानात इस्त्रीच्या टेबलाखाली बसून, कुठेही तिचे चालू असते. सूर कोणताच नसतो, पण तो थांबला की घरातल्या प्रत्येकाला कळते.

२. माझ्याविषयी घरच्यांची तक्रार आहे की मी फार संशयी आहे. ती मला मान्य आहे. ज्याच्या दुकानात रोज ढिगाने पांढरे सदरे येतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नेमका आपलाच सदरा परत हवा असतो, त्याने संशय घ्यायचा नाही तर काय घ्यायचे? भुंगाची आजी म्हणते, "तुम्ही यमाकडूनसुद्धा पावती घ्याल." घेईन. आमच्या धंद्याचा एक नियम येथे नमूद करतो, कारण पुढचे सर्व त्यावर उभे आहे. कपड्याची चिठ्ठी बदलली तर चूक एक होत नाही, दोन होतात. माझा सदरा तुमच्याकडे गेला असेल तर तुमचा माझ्याकडे आलेला असतो. एकट्याने कोणी चुकत नाही.

३. भुंगाचे दुधाचे दात वेळेवर आले, फक्त खालच्या उजव्या बाजूची शेवटची दाढ आली नाही. हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण जी मुलगी तोंड मिटून असते तिच्या तोंडात कोण पाहणार? पुढे तिचा उजवा गाल किंचित वर आला. गालात लिमलेटची गोळी धरल्यासारखा दिसे. मला वाटले, ती दुकानातल्या बरणीतून गोळ्या चोरते. मी तिला टेबलावर बसवून तोंड उघडायला लावले आणि रीतसर झडती घेतली. गोळी सापडली नाही. भुंगा रडली नाही, "आजोबा, नाहीच्चे गोळी," एवढेच म्हणाली. त्या झडतीतच मला हिरडीखाली काहीतरी कडक लागले. गल्लीतल्या दंतवैद्याने पाहून सांगितले, "काहींचे दात उशिरा येतात, काळजी करू नका." काळजी करू नका असे जो सांगतो त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही. म्हणून आपल्या रुग्णालयात आलो.

४. येथे संपूर्ण जबड्याचा फोटो काढला. तो पाहताना घडलेला प्रकार संशयास्पद असल्याने तपशिलाने लिहितो. आपल्या विभागातील मुख्य शल्यचिकित्सक (यापुढे "मोठ्या बाई") यांनी फोटो उजेडासमोर धरला आणि शेजारच्या खोलीतून एका डॉक्टरांना बोलावले. त्यांनी आणखी एकाला. तिघेही खूश दिसले. लोकांच्या पोरांच्या जबड्यात गाठ निघाली की खूश होणारी माणसे मी प्रथमच पाहिली. मग मोठ्या बाईंनी आम्हाला दाखवले. न आलेली दुधाची दाढ जबड्याच्या पार तळाशी ढकलली गेली होती आणि तिच्या डोक्यावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे साचले होते. त्या म्हणाल्या, "दात घडवणाऱ्या पेशींचीच ही गाठ आहे. इतक्या लहान वयात, दुधाच्या दाताशी, फार दुर्मीळ. बहुधा साधीच असेल, पण काढून तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही." आमच्या धंद्यात दुर्मीळ डाग म्हणजे न निघणारा डाग. जावई मात्र घरी येईपर्यंत "बहुधा साधीच" हे दोनच शब्द घोळवत होते. जावई भोळे आहेत. त्यांच्या हाती छत्री दिली तर घरी निदान दांडा तरी येईल की नाही, सांगता येत नाही.

५. शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली. तळाची दाढ तूर्त तशीच ठेवली, कारण ती आपोआप वर येते का हे काही दिवस पाहायचे होते. न आल्यास दुसऱ्यांदा छोटी भूल देऊन ती काढायची, असे ठरले. यानंतर जे झाले ते आपल्या रुग्णालयाच्या पद्धतीचे फळ आहे. गाठ औषधाच्या पाण्यात बाटलीत घालून नातेवाइकाच्या हातात दिली जाते आणि नातेवाइकाने ती अंगण ओलांडून पलीकडच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत नेऊन द्यायची असते. पोरीच्या जबड्यातली गाठ आणि ती पोहोचवायला कोण, तर ज्याचे पाय लटपटताहेत तो! बाटली जावयांकडे देत होते. मी मध्येच घेतली.

६. प्रयोगशाळेची खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होती. बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. हातात पिवळी पिशवी, पिशवीत तशीच बाटली. तिचा मुलगा तीन वर्षांचा, त्यालाही जबड्यातच गाठ. बरोबर कोणी नव्हते. तिच्या बाटलीवरची कागदी पट्टी एका कोपऱ्याला सुटत आली होती. डिंकाने चिकटवलेल्या कागदावर माझा कधीच विश्वास नव्हता, आमच्याकडे असे कागद पहिल्याच पाण्यात जातात. माझ्या खिशात धंद्याच्या कापडी चिठ्ठ्यांची गड्डी व पक्क्या शाईचे पेन नेहमी असते. मी आमच्या बाटलीच्या मानेला माझी एक चिठ्ठी दोऱ्याने बांधली, तिच्यावर आमच्या दुकानाचा चालू क्रमांक घातला. तिच्या बाटलीला पुढच्या क्रमांकाची बांधली. तिला म्हटले, "कपडा हरवेल, पण ही चिठ्ठी हरवणार नाही." तिने मान हलवली. त्यानंतर मी नळावर पाणी प्यायला गेलो, आणि येथेच घात झाला असे माझे म्हणणे आहे. मी परत येईपर्यंत खिडकी उघडली होती आणि सदर बाईने दोन्ही बाटल्या परस्पर आत देऊन टाकल्या होत्या. कोणती बाटली कोणाची म्हणून दिली, हे पाहायला मी तिथे नव्हतो.

७. आता कालक्रम पाहावा. त्या दिवशी दिलेल्या इतर सर्वांचे अहवाल आठवड्यात आले. फक्त दोन अहवाल आले नाहीत, आमचा आणि सदर बाईच्या मुलाचा. खिडकीवरचा इसम रोज सांगे, "मोठ्या बाईंची सही राहिली आहे." मोठ्या बाई कुठे आहेत? "परिषदेला गेल्यात." कसली परिषद? "दातांची." म्हणजे आमच्या भुंगाचा फोटो घेऊन गेल्या, हे उघड आहे. त्या काळात भुंगाने गुणगुणणे पूर्ण बंद केले होते. ओठ मिटले की टाके ओढतात, असे तिच्या आईचे म्हणणे. घरात बॉयलर, धुलाई यंत्र, इस्त्रीची वाफ, सगळे चालू असे आणि तरी घर बंद पडल्यासारखे वाटे. मी रात्रंदिवस एकच विचार करत होतो, की कुठेतरी पाणी मुरते आहे.

८. अखेर दोन आठवडे उशिराने, दोन्ही अहवाल एकाच सकाळी आले. आमच्यावर लिहिले होते: साधी गाठ, कर्करोग नाही, गाठीत दातांसारखे सतरा कठीण दाणे. जावयांनी तिथेच मिठाईचा पुडा आणला. सदर बाई तिचा कागद वाचून भिंतीला पाठ घासत खाली बसली. तिच्या मुलाची गाठ वेगाने हाड खाणारी निघाली होती आणि दुसरी, मोठी शस्त्रक्रिया लवकर करायची होती. मी दोन्ही दृश्ये एकाच वेळी पाहिली आणि माझ्या डोक्यात आमच्या धंद्याचा नियम वाजला. उशीर दोघांनाच, अहवाल एकाच दिवशी, एक चांगला, एक वाईट, आणि बाटल्या आत देणारा हात एकच. शिवाय जिच्या तोंडात एक दात कमी, तिच्या गाठीत सतरा जास्त? हा हिशोब कोणत्या दुकानात जुळतो? महोदय, अदलाबदल झाली असेल तर त्या बाईचे रडणे आमचे आहे आणि आमची मिठाई तिची आहे. मी पुड्याला हात लावला नाही. बायको म्हणाली, "अहो, पोरगी वाचली, तोंड तर गोड करा." पुराव्याशिवाय मी तोंड गोड करत नाही. खरे सांगायचे तर भुंगाच्या गालाकडे पाहिले की मला तो फुगलाच आहे असे वाटे.

९. सदर बाईविषयी संशय बळावण्याचे आणखी एक कारण. टाके काढण्याच्या दिवशी ती पुन्हा भेटली. मुलाच्या हनुवटीवरून डोक्यापर्यंत रुमाल बांधलेला. तिने मला पाहताच उठून जवळ येऊन म्हटले, "आजोबा, त्या दिवशी तुम्ही चिठ्ठी बांधलीत म्हणून बरं. नाहीतर माझी बाटली कुठे गेली असती देव जाणे." विनाकारण आभार मानणारी माणसे मी धंद्यात पुष्कळ पाहिली आहेत. ज्याच्या पिशवीत दुसऱ्याची चादर असते तोच दारातून जाताना सर्वांत गोड बोलतो. म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणे.

१०. सबब माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे:
(अ) दोन्ही नमुने माझ्यासमक्ष पुन्हा तपासावेत.
(ब) सदर बाईचा लेखी जबाब घ्यावा व निष्काळजीपणाबद्दल तिला समज द्यावी.
(क) नमुना कोणाचा हे सिद्ध होईपर्यंत सदर बाईच्या मुलाची दुसरी शस्त्रक्रिया स्थगित ठेवावी, कारण चुकीच्या मुलाचा जबडा कापला गेला तर तो परत जोडून मिळणार नाही. (या मागणीवर काट मारली आहे. काट माझीच, शेजारी सही आहे. कारण पुढे.)

११. महोदय, येथपर्यंतचा अर्ज मी सोमवारी लिहिला. त्याला जोडायला नमुन्याच्या पावतीची नक्कल हवी म्हणून मंगळवारी प्रयोगशाळेत गेलो. तिथे एक चष्मेवाल्या बाई प्रमुख आहेत. त्यांनी विचारले, नक्कल कशासाठी? मी अर्ज दाखवला. त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला. वाचताना एकदाही वर पाहिले नाही, यावरून मला वाटले की पकडल्या गेल्या. मग त्यांनी टेबलाचा खण उघडून एक पाकीट काढले आणि त्यातल्या दोन कापडी चिठ्ठ्या माझ्यासमोर ठेवल्या. दोन्हींवर माझ्या हातचे आकडे. शाई जराही फिकी झाली नव्हती.

त्या म्हणाल्या, "ह्या कोणी बांधल्या ते आम्ही शोधतोय."

मी अभिमानाने सांगितले, की मी.

त्या पुढे जे म्हणाल्या ते जसेच्या तसे लिहितो, कारण त्यात माझ्या सोयीचे एकही अक्षर नाही. "आजोबा, आमच्याकडे नियम आहे. ज्या बाटलीवर दोन क्रमांक, ती बाटली शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः येऊन ओळखेपर्यंत उघडायची नाही. आम्हाला काय माहीत तुमचा आकडा कुठल्या रुग्णालयाचा आहे! बाकीच्या बाटल्या गेल्या, या दोन थांबल्या. मोठ्या बाई परगावी होत्या, आधी शिबिराला, मग परिषदेला. त्यांनी परिषद अर्धी सोडली आणि आल्या त्या थेट इथेच आल्या, घरीसुद्धा गेल्या नाहीत. बाटल्या त्यांनी लांबूनच ओळखल्या. एकीत दातांचे दाणे, दुसरीत नुसता मऊ गोळा. आंधळ्यालाही कळेल. आणि आमची कागदी पट्टी दोन्हींवर शाबूत होती."

मी विचारले, "म्हणजे बदललेल्या नाहीत?"

त्या म्हणाल्या, "नाहीत. तुमची नात ठणठणीत आहे. सतरा दाणे म्हणजे तिच्या गाठीनेच घडवलेले सतरा चिमुकले दात. म्हणूनच तर तळाच्या दाढेला वर यायला वाट मिळाली नाही."

१२. त्या क्षणी मला झालेला आनंद येथे लपवत नाही. खिडकीचा गज धरावा लागला. भुंगा वाचली. आमची मिठाई आमचीच होती. हा आनंद पुरता माझ्या अंगात भिनायच्या आत चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "पण त्या मुलाची गाठ घाईची होती. दोन आठवडे बाटली तशीच पडून राहिली. आणि आता हा तुमचा अर्ज आत गेला, तर त्याचं ऑपरेशन पुन्हा थांबेल." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला भांडता आले असते.

मी विचारले, उशिराने त्याचे किती बिघडले? त्या म्हणाल्या, ते मोठ्या बाईंना विचारा. मोठ्या बाईंना जाऊन विचारले. त्या म्हणाल्या, "सांगता येणार नाही. कदाचित काही नाही. कदाचित जबड्याचा थोडा जास्त भाग काढावा लागेल." पुढे म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम नाही केलंत." ही गोष्ट मी खोडून काढू शकत नाही, पण तिच्यावर समाधान मानण्याइतका मी भोळा नाही. आणि हो, परिषदेत भुंगाचा फोटो त्यांनी दाखवलाच नव्हता. आमची परवानगी घ्यायची राहिली होती म्हणून.

१३. घरी येऊन मी हा अर्ज पुन्हा वाचला. बायकोने सुचवले की परिच्छेद सहा ते दहा फाडून नवीन लिहावे. मी नकार दिला. त्याची कारणे दोन. एक, खाडाखोड किंवा पाने बदललेला अर्ज कोणालाही संशयास्पद वाटेल, मला तर नक्कीच वाटला असता. दुसरे, आमच्या धंद्यात डागावर तशीच इस्त्री फिरवली की तो डाग कायमचा पक्का होतो. डाग आधी उघड्यावर मांडायचा असतो. म्हणून मी त्या बाईला काय काय म्हटले ते सगळे वर तसेच ठेवले आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची माझी पूर्ण तयारी झाली होती, हे आपल्या नजरेस यावे. फक्त मागणी (क) वर काट मारली, कारण ती चुकून एखाद्या कारकुनाच्या हाती लागली तर अमलात येईल.

१४. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तेव्हा तक्रार कोणाविरुद्ध करणार? आजवर मला या म्हणीत नुसता नाइलाज दिसायचा. या वेळी मात्र दात माझे आणि ओठ दुसऱ्याच्या पोराचे, म्हणून गप्प बसता येत नाही.

१५. आता खऱ्या विनंत्या. भुंगाची अडकलेली दाढ काढण्यासाठी आपल्या विभागाने पुढल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. मोठ्या बाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्या दाढेची घाई नाही, महिना-दोन महिने थांबले तरी चालेल. सदर मुलाची तारीख मात्र तिच्यानंतरची आहे. तरी भुंगाची तारीख त्या मुलाला द्यावी. हे मी घरी बोललो. भुंगाची आई लगेच हो म्हणाली नाही, कारण तिनेही या तारखेची वाट पाहिली होती. जावई मात्र ऐकताक्षणी म्हणाले, "देऊन टाका की, विचारताय काय?" जावई भोळे आहेत, असे मी वर लिहिले आहे. तेही तसेच राहू द्यावे, पण टोमणा म्हणून वाचू नये. दोघांच्या सहीचे संमतीपत्र जोडले आहे.

१६. काल सकाळी मी वॉर्डात जाऊन त्या बाईला सर्व सांगितले. चिठ्ठ्या, नियम, उशीर, हा अर्ज, मी तिच्याविषयी काय लिहिले, सगळे. मुलगा झोपला होता. ती त्याच्या रुमालाची गाठ सैल करत ऐकत होती. मी शिव्यांची वाट पाहत उभा होतो, त्या मला मिळायलाच हव्या होत्या. ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही पाणी प्यायला गेलात ना, तेव्हा खिडकी उघडली. मला वाटलं, तुमची राहून जाईल आणि परत रांग लागेल, म्हणून दोन्ही दिल्या. तुमच्या नातीची धरताना माझीच खाली पडत होती."

आणखी थोड्या वेळाने तिने विचारले, "ऑपरेशनच्या दिवशी बाटली परत मलाच न्यावी लागेल ना? माझ्यानं एकटीनं ते अंगण ओलांडवत नाही. तुम्ही याल बरोबर?"

या बोलण्यात काही डाव आहे का, हे मी सवयीने तपासले. उलटसुलट करून पाहिले, शिवणीपर्यंत पाहिले. सापडला नाही.

मी घरी आलो तेव्हा दुकानात बॉयलर बंद होता, तरी आवाज येत होता. टेबलाखाली वाकून पाहिले. भुंगा बसली होती, तोंड मिटून. बायको म्हणाली, "चार दिवस झाले सुरू होऊन. तुम्हालाच ऐकू आलं नाही." मी चार दिवस तो आवाज बॉयलरचा समजत होतो. मग मी पुडा उघडला आणि एक तुकडा खाल्ला.

१७. तरी विनंती की:
(अ) भुंगाची तारीख सदर मुलास द्यावी, व त्यासाठी आणखी कोणाच्या सहीची वाट पाहू नये.
(ब) यापुढे बाटली नातेवाइकांच्या हाती देऊच नये. ते शक्य नसेल तर निदान दोन्ही इमारतींच्या दारांवर "बाटलीला काहीही बांधू नये" अशी पाटी लावावी. पाटी मी स्वखर्चाने, न पुसणाऱ्या शाईत लिहून देईन.
(क) परिच्छेद सहा ते दहामध्ये जिथे जिथे "सदर बाई" यांच्यावर दोष ठेवला आहे, तिथे तिथे "अर्जदार" असे वाचावे.
(ड) शस्त्रक्रियेच्या दिवशी मला सदर बाईंसोबत शस्त्रक्रियागृहाच्या दारापासून प्रयोगशाळेच्या खिडकीपर्यंत जाण्याची परवानगी असावी. बाटली त्यांच्याच हाती राहील. मी फक्त शेजारून चालेन. खिशात चिठ्ठ्या, दोरा किंवा पेन काहीही नसेल. खात्रीसाठी माझी रीतसर झडती घ्यावी.

आपला नम्र, व झडतीस तयार,

(सही)
भुंगाचा आजोबा
धुलाई केंद्र, बाजाराच्या मागची गल्ली

दिनांक: सुरू केला सोमवारी, संपवला शुक्रवारी.

सोबत:
१. अहवालाची प्रत (साधी गाठ).
२. मुलगी व जावई यांचे तारीख सोडल्याचे संमतीपत्र.
३. कापडी चिठ्ठ्यांची उरलेली गड्डी, दोऱ्याचे रीळ व पक्क्या शाईचे पेन. त्या मुलाचा नवा अहवाल येईपर्यंत आपल्याकडे जमा ठेवावे. पावती नको.